माझी लायकी नाही, तरी मला खेळायचंय

गेल्या दोन सीझनमध्ये मी एकही गोल केलेला नाही. साधा एक पॉइंटही नाही. मॅचमध्ये उतरलो तो एकूण पाच वेळा, तेही शेवटची दहा-पंधरा मिनिटं. त्यातल्या एका मॅचमध्ये माझ्या हातून निसटलेला बॉल उचलून समोरच्यांनी गोल मारला. ती मॅच आम्ही दोन पॉइंटने हरलो. गोल तीन पॉइंटांचा असतो. हिशोब तुम्हीच करा. मी तो रात्री झोपताना बरेच दिवस करत होतो.

डब्लिनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात एक क्लब आहे. त्या क्लबच्या सगळ्यात खालच्या टीममध्ये मी गेलिक फुटबॉल खेळतो. सव्विसाव्या वर्षी शिकायला लागलो. ‘मी कसा शिकलो आणि माझं आयुष्य कसं बदललं’ छापाचा लेख वाचायला आला असाल तर आत्ताच सांगतो, मी अजून नीट शिकलेलो नाही. मला भांडायचंय. आपल्या डोक्यात शाळेपासून एक समजूत पक्की बसवलेली असते, की कुठेही उभं राहायचं तर आधी आपली लायकी सिद्ध करावी लागते. माझं भांडण या समजुतीशी आहे.

आधी खेळ सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकांना तो माहीत नसतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. मैदान आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, लांबीला १३० ते १४५ मीटर. गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा. बॉल आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. बॉल हातात घेता येतो, पण घेऊन पळता येतं फक्त चार पावलं. त्यानंतर तो एकदा जमिनीवर टप्पा मारून परत घ्यायचा किंवा स्वतःच्या पायावर सोडून, बोटांनी वर उडवून परत हातात घ्यायचा. या दुसऱ्या प्रकाराला सोलो म्हणतात. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत, त्यामुळे सोलो आल्याशिवाय गत्यंतर नाही. जमिनीवर पडलेला बॉल थेट हातांनी उचलायचा नाही, आधी त्याखाली पायाचं बोट घालायचं. आणि पास देताना बॉल फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा.

आता हे सगळं पळता पळता करायचं. अंगावर नव्वद किलोचा प्लंबर धावून येत असताना. पावसात.

इथली मुलं पाचव्या वर्षापासून हे करतात. शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर गेलात तर गुडघ्याएवढी पोरं सोलो मारत पळताना दिसतात. मंगळवारी संध्याकाळी त्याच मैदानावर मी असतो. माझ्या पहिल्या सोलोचा बॉल हनुवटीवर आदळला. दुसऱ्याचा पुढे पंधरा फूट गेला. तिसरा सोलो मी मारलाच नाही, चार पावलं झाल्यावर जागच्या जागी उभा राहिलो. नेटवर्क गेल्यावर व्हिडिओ गोठतो, तसा. कोच लांबून ओरडला, “हार्ड लक!”

मी मूळचा कराडचा. आमच्या शाळेत पी.टी.चा तास होता, पण आठवीनंतर तो गणिताच्या सरांचा झाला. कुणी तक्रार केली नाही. वर्गात ज्यांना खेळ येत होता ती चार मुलं जिल्ह्याला, विभागाला जायची. बाकी आम्ही पन्नास जण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचो. खेळायला मिळत नाही म्हणून वाईट वाटावं, हेसुद्धा आम्हाला सुचलं नाही. आपल्याला येत नाही, मग आपण बाहेर बसायचं, इतकं ते सरळ होतं. ती चार मुलं का खेळतात, याचंही उत्तर आमच्या पालकांकडे तयार होतं: दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. खेळसुद्धा शेवटी मार्कशीटवर उतरला तरच खरा.

त्यानंतर क्लास, बारावी, सीईटी, कॉलेज, प्लेसमेंट. प्रत्येक दारावर एक चाळणी होती, आणि मी प्रत्येक चाळणीतून खाली न पडता वरच राहिलो. अशा माणसाला एक रोग होतो. तो फक्त जे जमतं तेच करतो. जे जमत नाही ते ‘मला त्यात इंटरेस्ट नाही’ या कप्प्यात टाकतो. मी वर्षानुवर्षं सांगत आलो की मला खेळात इंटरेस्ट नाही. साफ खोटं होतं ते. मला खेळात भयंकर इंटरेस्ट होता. मला हसं करून घेण्यात इंटरेस्ट नव्हता.

मग मी या क्लबात गेलो कसा? ऑफिसात टेस्टिंगमधला एक आयरिश सहकारी तिसऱ्या टीममध्ये खेळतो. एका गुरुवारी त्याने विचारलं, “संध्याकाळी काय करतोस? आमच्याकडे माणसं कमी आहेत.” खेळता येतं का, हे त्याने विचारलंच नाही. मीच घाईघाईने सांगितलं की मला येत नाही. तो म्हणाला, “बूट आहेत का?”

पहिल्या महिन्यात मी काय केलं असेल? एक्सेल शीट बनवली. तारीख, सोलोचे प्रयत्न, यशस्वी सोलो, टक्केवारी. यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहिले. पायाची बोटं वर ओढून धरायची म्हणजे बॉलला उलटी फिरकी मिळते आणि तो आपल्याकडे परत येतो, हे वहीत लिहून ठेवलं. माझा प्लॅन असा होता, की साठ टक्क्यांच्या वर गेलो की मग आपण टीममध्ये ‘खरे’. तोपर्यंत आपण पाहुणे. सरावाला सगळ्यात आधी जायचो, कोन मांडायचो, शेवटी बॉल गोळा करायचो. चहाला थांबायचो नाही. ज्याने अजून कमावलं नाही त्याने खायचं कसं?

एके दिवशी आमच्या गोलकीपरने विचारलं, तू दर वेळी पळून का जातोस? मी माझं गणित सांगितलं. त्याला ते समजलंच नाही. म्हणजे विनयाने नाही, खरंच समजलं नाही. तो म्हणाला, “पण तू मेंबर आहेस ना? फी भरलीस ना?” त्याच्या लेखी प्रश्न तिथेच संपला होता. तो प्लंबर, त्याचा बाप याच क्लबात खेळला, आणि त्याने स्वतःच आनंदाने सांगितलं की बापही भिकार खेळायचा.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठेपणा? त्यांना पंधरा डोकी भरायची होती. बरोबर आहे. खालच्या टीमला दर रविवारी माणसं जमवताना नाकी नऊ येतात. तासभर आधीपर्यंत ग्रुपवर ‘अजून दोघं हवेत’ असे मेसेज पडत असतात. पण मला नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना माणूस हवा होता, माझं कौशल्य नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी सीव्ही न बघता बोलावलं होतं. गंमत बघा, ज्या परवान्यावर मी या देशात राहतो त्याचं नावच ‘क्रिटिकल स्किल्स एम्प्लॉयमेंट परमिट’ आहे. देशाला अत्यावश्यक असलेलं कौशल्य. ऑफिसात माझ्या नावापुढे ‘सीनियर’ लागतं. मैदानावर आमच्या स्पर्धेचं नाव ‘ज्युनिअर’. इथे ज्युनिअर म्हणजे लहान मुलं नव्हेत, खालच्या दर्जाचा प्रौढ फुटबॉल. आठवड्यातून तीन तास मी त्या खालच्या दर्जाच्याही खाली असतो. आणि बाकीच्या दिवसांत दिवसभर असलेली छातीवरची एक पकड त्या तीन तासांत सुटते.

आई फोनवर म्हणाली, “आता या वयात हे कुठलं नवीन? पाय मोडून बसलास म्हणजे?” तिची भीती खोटी नाही. परदेशात एकटं राहताना गुडघा गेला तर भाजी कोण आणणार? म्हणून हेही सांगतो: तोंडात गमशील्ड घालणं सक्तीचं असतं, आणि क्लबात नाव नोंदवून फी भरल्याशिवाय सरावाला उतरू देत नाहीत, कारण त्याशिवाय दुखापतीच्या मदतनिधीत तुम्ही बसत नाही. माझा अंगठा एकदा सुजला आणि आठवडाभर मी एका हाताने कोड लिहिलं. एवढंच. पण आईच्या वाक्यातली खरी मेख ‘पाय’ नव्हती, ‘आता या वयात’ ही होती. आपल्याकडे अठ्ठावीस हे नवीन काहीतरी वाईट करायला सुरुवात करण्याचं वय समजलं जात नाही. जिम चालते, कारण ती आरोग्यासाठी. मॅरेथॉन चालते, कारण मेडलसकट फोटो येतो. ज्यातून काहीच निघणार नाही आणि ज्यात आपण कायम सुमारच राहणार, असं काही करायला आपल्याकडे शब्दसुद्धा नाही. ‘टाइमपास’ आहे, पण तो शिवीसारखा वापरतो आपण.

इथपर्यंत तुम्हाला वाटेल की हा एका सुखवस्तू आयटीवाल्याचा छंद आहे. मलाही २०२५च्या जुलैपर्यंत तसंच वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. एका उपनगरात नुकत्याच आलेल्या एका भारतीय माणसाला रस्त्यात मारून रक्तबंबाळ केलं. पाठोपाठ आणखी घटना बाहेर आल्या. १ ऑगस्टला भारतीय दूतावासाने सूचना काढली: निर्जन भागात जाऊ नका, विशेषतः अवेळी. मी राहतो तिथून मैदानापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा आणि बऱ्यापैकी निर्जन आहे. त्या मंगळवारी मी सरावाला गेलो नाही. गुरुवारीही नाही. ग्रुपवर प्लंबरचा मेसेज आला: “सात वाजता तुझ्या दाराशी येतो. बूट घालून तयार राहा.” एवढाच. पुढचे दोन महिने तो येत राहिला.

त्याच आठवड्यात आमच्या भारतीय मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरत होता. सगळ्यांचा सूर एकच: आम्ही डॉक्टर आहोत, नर्स आहोत, इंजिनिअर आहोत, आम्ही कर भरतो, आम्ही या देशाला योगदान देतो, तरी आमच्यावर हल्ले? मीही तो फॉरवर्ड केला. निषेधाची पत्रकं काढणारे भले लोकही तेच म्हणत होते. आणि मग एका रात्री मला त्या वाक्यातला ‘तरी’ टोचायला लागला.

‘योगदान देतो, तरी मारतात.’ म्हणजे योगदान देत नसतो तर? माझ्याच घरमालकाच्या वरच्या खोलीत तिघं जण राहतात. शिकायला आलेले, रात्री सायकलवर जेवणाची पार्सलं पोचवणारे. त्यांच्यापैकी एकाची फी थकली होती, एकाला सहा महिने काम नव्हतं. त्यांच्या वाट्याचा ‘तरी’ कुठे आहे? दगड मारणाऱ्याला आपण आपला सीव्ही दाखवतो तेव्हा त्याचा मुद्दा आपण आधीच मान्य केलेला असतो: इथे राहण्यासाठी काहीतरी दाखवावं लागतं. मग भांडण फक्त रकमेवर उरतं.

मी माझ्या टीमला काहीही योगदान देत नाही. गोल बसायला मात्र मदत केली आहे, समोरच्यांच्या. तरीसुद्धा सात वाजता माणूस दाराशी येतो. मला या ‘तरी’बद्दल बोलायचंय.

फुटबॉल शिकलो म्हणून मी सुरक्षित झालो, असं मी अजिबात म्हणत नाही. ‘तुम्ही लोक त्यांच्यात मिसळत नाही म्हणून असं होतं’ हे वाक्यही मी ऐकलंय, आपल्याच लोकांकडून, आणि ते मला घाणेरडं वाटतं. मार खाणाऱ्याला मिसळायला सांगणं हीसुद्धा लायकीचीच परीक्षा झाली. ज्याच्या हातात दगड आहे त्याला माझा हँडपास सुधारलाय की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही.

आणि या खेळाची संस्था म्हणजे संतांची मांदियाळी आहे असंही नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ला टिपेररीतल्या थर्ल्स गावी, एका हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजी राजवटीत देशी खेळ टिकवणं हा हेतू. तो जिव्हाळा का आहे हे क्रोक पार्कला गेल्यावर कळतं. २१ नोव्हेंबर १९२०ला त्याच मैदानावर मॅच चालू असताना ब्रिटिशांच्या फौजेने गोळीबार केला, चौदा जीव गेले, त्यात टिपेररीचा खेळाडू मायकल होगन होता. आज तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. पण याच संस्थेचा एक नियम १९७१पर्यंत असा होता की सभासदाने ‘परकीय’ खेळ खेळले किंवा नुसते बघितले तरी त्याला काढून टाकायचं. क्रिकेट त्यात होतं. डग्लस हाइड आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष असताना एका सॉकर मॅचला हजर राहिले, म्हणून १९३८मध्ये त्यांना संस्थेच्या आश्रयदाते पदावरून काढलं. खुद्द संस्थापक मायकल क्युसॅक तरुणपणी क्रिकेट आणि रग्बी खेळलेला. म्हणजे आमच्या क्लबच्या चहाच्या खोलीत मी आज फोनवर भारताचा स्कोअर बघतो, त्याबद्दल पंचावन्न-साठ वर्षांपूर्वी माझी हकालपट्टी झाली असती.

आपलं कोण आणि परकं कोण, याची रेघ माणसांनीच मारलेली असते, म्हणून ती पुसताही येते. इथे ती पुसायला जवळपास सत्तर वर्षं लागली. आता बायकांसाठी ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ नावाचा उपक्रम आहे, २००८पासून. ज्यांनी कधी बॉलला हात लावला नाही अशा बायका त्यात येतात, पदकबिदक काही नसतं. मला त्यातला ‘अदर्स’ शब्द आवडतो. आपल्या प्रत्येक फॉर्ममध्ये ‘इतर’ हा शेवटचा रकाना असतो, इथे ते निमंत्रण आहे.

आता घरचं बोलू. त्याच जुलैत माझ्या फोनवर आणखी एक व्हिडिओ आला होता. मिरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून कानफटवल्याचा. ज्या ग्रुपवर सकाळी ‘डब्लिनमध्ये आपल्या माणसाला मारलं’ म्हणून संताप होता, त्याच ग्रुपवर संध्याकाळी त्या व्हिडिओखाली हसण्याचे इमोजी होते. काही नावं दोन्हीकडे सारखी होती. मी तेव्हा काही लिहिलं नाही. आज लिहितो.

माझं मराठीवर प्रेम आहे, हा लेख मी इंग्रजीत लिहिलेला नाही. पण भाषा कशी शिकतात ते मी मैदानावर बघितलंय. मला आयरिश भाषा येत नाही, क्लबातल्या पाट्यांवरची निम्मी अक्षरं मला उच्चारता येत नाहीत. तरी एक गोष्ट मला पक्की येते: ‘मा हू’. शाब्बास असा अर्थ. माझा पहिला सोलो जमला तेव्हा कोच लांबून ते ओरडला. आता मी पाच वर्षांच्या पोरांना तेच ओरडतो. मला ते शब्द कुणी कानाखाली मारून शिकवले असते, तर मी ते कायमचे विसरलो असतो.

आपल्याकडे तालमी आहेत, कबड्डीची मंडळं आहेत. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. देशी खेळाचा अभिमान आपल्याला कमी नाही. पण कराडमधल्या एखाद्या मंडळात उद्या बिहारमधून आलेला अठ्ठावीस वर्षांचा सेंटरिंग कामगार गेला आणि म्हणाला, मला कबड्डी येत नाही, शिकवा, तर आपण त्याला आत घेऊ? किंवा पस्तिशीतली आपलीच एखादी ताई गेली तर? मला खरंच माहीत करून घ्यायचंय. माझा अंदाज चांगला नाही.

काही ठिकाणी लायकी बघावीच लागते, हे मला मान्य आहे. माझं ऑपरेशन करणारा सर्जन ‘तिसऱ्या टीमचा’ नको. मी लिहिलेला कोडही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. कामाला परीक्षा हवी. पण शेजाराला परीक्षा नको, मैदानाला नको, आणि रात्री घरी चालत जायला तर नकोच नको. आपण कामाची फूटपट्टी उचलली आणि सगळीकडे लावली. आधी शाळेतल्या पन्नास पोरांना लावली, मग स्वतःला, मग दुसऱ्या राज्यातून आलेल्याला. आता तीच फूटपट्टी दुसरा कुणीतरी आपल्याला लावतोय, आणि आपण उंची वाढवून दाखवतोय.

एक्सेल शीट मी केव्हाच बंद केली. शेवटची नोंद एकेचाळीस टक्के आहे. २०२५मध्ये खेळाचे नियम बदलले. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन पॉइंट, प्रत्येक अर्ध्यात आपले किमान तीन खेळाडू ठेवायचेच, असं बरंच काही. पहिले काही आठवडे जन्मभर खेळलेले लोकही चुकत होते, एकमेकांना विचारत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गोंधळलेल्या चेहऱ्यांमध्ये माझा चेहरा उठून दिसत नाहीये.

आता मी चहाला थांबतो. येत्या मंगळवारी वरच्या खोलीतला एक जण माझ्यासोबत येतोय. फुटबॉल त्याला अजिबात येत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, बूट आहेत का? नव्हते. माझे जुने त्याला अर्धा नंबर मोठे होतात, दोन मोजे घालू म्हणाला.